डेबियन १२ वर गेल्यानंतर जुना प्रोग्रॅम उघडत नाही: 'लिबएसएसएल १.१' सापडत नसल्याची तक्रार

प्रश्न

नमस्कार. मी नुकताच माझा डेस्कटॉप डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून डेबियन १२ वर नेला. बाकी सर्व सुरळीत आहे, परंतु मोजमापांच्या नोंदी ठेवण्यासाठी मी अनेक वर्षे वापरत असलेला एक प्रोग्रॅम आता उघडतच नाही. चिन्हावर क्लिक केले की कर्सर क्षणभर फिरतो आणि थांबतो. खिडकी येत नाही, सूचनाही येत नाही. टर्मिनलमधून चालवून पाहिले तेव्हा 'लिबएसएसएल.एसओ.१.१' ही लायब्ररीची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडची) फाइल उघडता येत नसल्याचा संदेश मिळाला.

एका जुन्या सल्ल्यानुसार मी नव्या 'लिबएसएसएल.एसओ.३' कडे निर्देश करणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे नुसते नाव) जुन्या नावाने तयार केली आणि तिच्या जोडीच्या 'लिबक्रिप्टो' लायब्ररीसाठीही तसेच केले. त्यावर संदेश बदलला, पण प्रोग्रॅम चालला नाही: आता 'ओपनएसएसएल_१_१_०' ही आवृत्ती सापडत नाही, असे तो म्हणतो. प्रोग्रॅमचा सोर्स कोड उपलब्ध नाही, त्याची नवी आवृत्ती निघण्याची शक्यता नाही, आणि माझ्या सर्व नोंदी त्याच्याच बंदिस्त फाइलप्रकारात आहेत. त्या हातातून जाऊ नयेत, एवढीच माझी काळजी आहे.

पहिले उत्तर

नोंदींच्या फाइली सुरक्षित आहेत. अडचण केवळ प्रोग्रॅम सुरू होण्याची आहे. मात्र सर्वप्रथम त्या दोन्ही सिमलिंक काढून टाका. फाइलीच्या नावातला १.१ हा आकडा शोभेचा नसतो. आतील फंक्शने आणि त्यांची रचना अमुक स्वरूपाचीच असेल, असा तो करार असतो, आणि तो मोडावा लागला की लायब्ररीचे कर्ते आकडा बदलतात. या दोन्ही लायब्ररी बनवणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पाने सप्टेंबर २०२१ मध्ये ३.० आवृत्ती काढताना हेच केले. तुमच्या बाबतीत लोडरने (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्या भागाने) आवृत्तीची खूण तपासून वेळीच नकार दिला, हे चांगलेच झाले. ज्या लायब्ररीत अशा खुणा नसतात, तिथे हीच युक्ती केल्यास प्रोग्रॅम सुरू होतो आणि काम अर्ध्यावर आल्यावर कोसळतो किंवा चुकीची माहिती लिहून ठेवतो. नोंदींच्या प्रोग्रॅमबाबत तो धोका पत्करण्यासारखा नाही.

जी-लिबसीची (लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या मूलभूत लायब्ररीची) चिंता करू नका. जुन्या फंक्शनांच्या आवृत्त्या ती नव्यांबरोबरच सांभाळून ठेवते, त्यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या जी-लिबसीवर सहसा चालतो. उलट दिशेने मात्र ते जमत नाही. आता प्रोग्रॅमच्या मूळ फाइलीवर 'एलडीडी' ही लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा चालवा आणि कोणकोणत्या लायब्ररींपुढे 'सापडली नाही' असे येते ते कळवा.

दुसरे उत्तर

यादी लहान असेल तर पुढील मार्ग सर्वांत हलका आहे. डेबियन ११ च्या अधिकृत संग्रहातून 'लिबएसएसएल १.१' चे पॅकेज उतरवून घ्या, पण ते इन्स्टॉल करू नका. 'डीपीकेजी-डेब' या आज्ञेला 'एक्स' हा पर्याय देऊन ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा. लिबक्रिप्टोही त्याच पॅकेजमध्ये मिळेल. नंतर एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा, जी 'एलडी_लायब्ररी_पाथ' या चलामध्ये (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या हे लोडरला सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) त्या फोल्डरचा मार्ग ठेवून प्रोग्रॅम सुरू करील, आणि चिन्हाला त्या स्क्रिप्टचा पत्ता द्या.

हे चल 'बॅशआरसी' मध्ये (टर्मिनल उघडताना दरवेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) कधीही लिहू नये. तिथे लिहिले की टर्मिनलमधून चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी त्या जुन्या फोल्डरमध्ये डोकावतो, आणि पुढे भलत्याच ठिकाणी उद्भवणाऱ्या बिघाडाचे मूळ शोधणे फार कठीण जाते. डेबियन ११ चा संग्रह पॅकेजांच्या स्रोतांत कायमचा जोडून ठेवणेही टाळा.

तिसरे उत्तर

वरील मार्ग योग्यच आहे, परंतु दहा-पंधरा लायब्ररी गहाळ असतील तर एकेक गोळा करण्यापेक्षा 'डिस्ट्रोबॉक्स' हे साधन वापरून डेबियन ११ चा कंटेनर (तुमच्या संगणकातच चालणारी त्या जुन्या प्रणालीची वेगळी प्रत) तयार करावा, असे माझे मत आहे. प्रोग्रॅमला त्याचे संपूर्ण जुने घर मिळते आणि खिडकी मात्र तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवरच उघडते. तुमचे होम फोल्डर कंटेनरला मूळचेच दिसत असल्याने फाइली हलवाव्या लागत नाहीत; पण त्याच कारणाने याला सुरक्षेची भिंत समजू नये. ओपनएसएसएल १.१.१ साठी मूळ प्रकल्पाकडून मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या आहेत, तेव्हा कोणताही मार्ग घेतलात तरी हा प्रोग्रॅम इंटरनेटपासून दूरच ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सिमलिंक काढल्या. 'एलडीडी' ने केवळ त्या दोनच लायब्ररी दाखवल्या, म्हणून दुसऱ्या उत्तरातील मार्ग घेतला आणि प्रोग्रॅम उघडला. जुन्या नोंदी पडद्यावर पाहून फार बरे वाटले. परंतु 'निर्यात' हे बटण दाबताच काहीही घडत नाही. 'एलडीडी' ने काहीतरी लपवले आहे काय?

पहिले उत्तर देणारा

लपवलेले नाही, त्याला ते दिसूच शकत नाही. आरंभी लागणाऱ्या लायब्ररीच 'एलडीडी' दाखवतो, तर प्लगइन (प्रोग्रॅमचा वेगळा जोडभाग, इथे बहुधा निर्यातीचा) गरज पडेल तेव्हा उघडले जाते आणि त्याच्या गरजा निराळ्या असतात. 'एलडी_डीबग' या चलाची किंमत 'लिब्ज' ठेवून स्क्रिप्ट टर्मिनलमधून चालवा, निर्यातीचे बटण दाबा आणि शेवटच्या काही ओळी वाचा. लोडर कोणती फाइल कुठे कुठे शोधतो, हे तिथे ओळीओळीने उमटते.

प्रश्नकर्ता

सापडले. शेवटच्या ओळींमध्ये 'लिबएफएफआय.एसओ.७' चा शोध एकामागून एक फोल्डरांत चालला होता. डेबियन १२ मध्ये तिची आठवी आवृत्ती आहे. डेबियन ११ मधील पॅकेज त्याच पद्धतीने उलगडून त्याच फोल्डरमध्ये ठेवले आणि निर्यात सुरू झाली. आता सर्व नोंदी सीएसव्ही (कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडता येणाऱ्या साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) स्वरूपात बाहेर काढत आहे, आणि प्रत्येक फाइलीतील ओळींची संख्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या नोंदींच्या संख्येशी ताडून पाहत आहे. आतापर्यंत तपासलेल्या सर्व फाइलींत ती जुळली आहे.