पेढ्याच्या बॉक्सची घडी तडकायली, लॅमिनेशन असूनही पांढरी रेघ दिसायली, काय चुकायलंय?

लातूर_ऑफसेट

नमस्कार मंडळी. लातूरला छोटं ऑफसेट आहे माझं, पत्रिका, बिलबुकं, पॅम्प्लेट हेच रोजचं काम. बॉक्सच्या कामात मी नवाच, मागच्या डिसेंबरमध्ये भूमकडच्या एका पेढेवाल्या पार्टीचा अर्ध्या किलोचा बॉक्स पहिल्यांदा केला, ३०० जीएसएम एफबीबी (बॉक्सचा जाड बोर्ड), गडद मरून सॉलिड (सलग भरलेला रंग), वरून मॅट थर्मल लॅमिनेशन (गरम रोलरनं चिकटवलेली फिल्म), मग ट्रेडल मशीनवर पंचिंग, म्हणजे डायनं (साच्यानं) बॉक्सचा आकार कापणं अन् घडीच्या खाचा दाबणं. २००० दिले, एक तक्रार आली नाही. आता मे मध्ये त्याच पार्टीचा ५००० चा जॉब, तोच बोर्ड, तीच डाय, तोच माणूस मशीनवर, अन् घडी घातली की कडेवर पांढरी रेघ. लांब बाजूच्या घड्यांवर जास्त, आखूड बाजूला थोडी कमी. मरूनवर ती रेघ इतकी उठून दिसती की दुकानाच्या काउंटरवरून कळंल. १२०० पंच झालेत, ३८०० नुसते लॅमिनेट होऊन पडलेत. लॅमिनेशनवाला म्हणतो बोर्ड खराब, बोर्डवाला म्हणतो लॅमिनेशन खराब, पार्टीला लग्नसराईत माल पाहिजे. कुणाला अनुभव असंल तर सांगा, लई अडचणीत आहे.

वाळूज_पॅकेजिंग

दादा, आधी लूप (भिंग) घ्या, अन् घडी उन्हात धरून बघा. फिल्म फाटलीय का फिल्म सलग आहे अन् तिच्याखाली पांढरं दिसतंय, एवढं बघा. लॅमिनेशनची बीओपीपी (प्लास्टिकची) फिल्म बरीच ताणली जाती, ती सहसा तुटत नाही. माझा अंदाज आहे की फिल्म शाबूत असणार, खाली बोर्डाचं कोटिंग अन् तंतू तुटलेत. तसं असंल तर लॅमिनेशनवाल्याशी भांडून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा. कागद मशीनवर बनताना तंतू धावायच्या दिशेनं झोपतात, ग्रेनच्या बाजूनं घडी सुखानं पडती, आडवी घातली की तंतू मोडतात. न छापलेल्या बोर्डाचा हातभर चौकोन कापा, एकाच बाजूला पाणी लावा, तो नळीसारखा वळंल, नळीची लांबी ज्या दिशेला ती ग्रेन. लांब घड्या जास्त तडकायल्यात म्हणजे त्या ग्रेनला आडव्या असणार. पण बॉक्सला दोन्ही दिशांनी घड्या असतातच, एक तर आडवी येणारच, त्यामुळं नुसत्या ग्रेनवर खापर फोडता येत नाही, क्रीझ (घडीसाठी दाबलेली खाच) नीट असली तर आडवी घडीसुद्धा तडकत नाही.

म्हणून माझा खरा प्रश्न, डायमधल्या क्रीझिंग पट्टीखाली चॅनल, म्हणजे ती पट्टी बोर्डाला ज्यात दाबती ती खाच, किती रुंदीचं लावलंय? बोर्डाची जाडी मायक्रोमीटरनं मोजा, त्याची दीडपट करा, त्यात क्रीझिंग पट्टीची जाडी मिळवा. २ पॉइंटची पट्टी म्हणजे ०.७ मिमी. बोर्ड ०.४५ असंल तर साधारण १.४ मिमी रुंदी यायला पाहिजे, खोली बोर्डाच्या जाडीएवढी. अरुंद चॅनल असलं की पट्टी बोर्डाला वाकवत नाही, चिरडती.

नांदेडचा_जुना_छापखाना

वाळूजच्या दादांचं बरोबर आहे, पण डिसेंबरला जमलं अन् मे ला बिघडलं, हे काहून झालं ते सांगतो. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळापासून या धंद्यात आहे, दर उन्हाळ्यात हे बघतो. कागदाला ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवती. आपल्याकडं मे मध्ये दुपारी हवा पार करकरीत होऊन जाती, बोर्डातली ओल उडून जाती, अन् कोरडा तंतू काडीसारखा मोडतो. त्यात थर्मल लॅमिनेशनचा गरम रोलर, १०० डिग्रीच्या वर. म्हणजे आधीच वाळलेल्या बोर्डाला परत तव्यावर टाकल्यासारखं. शिटा छापील बाजूनं फुगीर होऊन पाठीकडं वळायल्यात का बघा. पाठीमागची उघडी बाजू आकसायली की असं होतं, पावसाळ्यात बरोबर उलटं, ती बाजू फुगते अन् शीट फिल्मकडं वळते.

लॅमिनेशन करून लगेच पंच करू नका, रात्रभर राहू द्या. खोलीत ओली गोणपाटं टांगा, कुलर लावा, पण कुलरचा झोत थप्पीवर नको, नसता कडा लाटेसारख्या होतील. पाठीवर स्पंज फिरवायचा उद्योग तर अजिबातच करू नका.

लातूर_ऑफसेट

काका, शिटा पाठीकडंच वळल्यात, अगदी पन्हाळीसारख्या. अन् बाजारातून छोटा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचा) आणला, दुपारी तीनला काटा १९ टक्क्यांवर! लूपनं बघितलं, फिल्म सलग आहे, रेघ खालीच आहे. पाण्याचं मात्र आमच्याकडं जपूनच, टँकर येतो तेव्हा. तरी गोणपाटाला दोन बादल्या लागतील, तेवढं करतो.

चॅनलचं बघून लाजच वाटली. डायखाली जी चॅनल पट्टी होती ती १.० मिमी रुंदीची, पत्रिकेच्या जॉबला लावतो ती. बोर्ड मोजला तर ०.४६.

जालना_बॉक्सताई

भाऊ, हेच असणार. थंडीत बोर्डात ओल होती म्हणून १.० च्या चॅनलनंही निभावलं.

अजून एक बघा, मी दहा बायका घेऊन हेच काम करते. पट्टी छापील बाजूनं दाबती, खाच छापील बाजूला पडती अन् आतल्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत राहिला पाहिजे. घाईत कुणी खाचेच्या बाजूला, म्हणजे उलटं दुमडून बघतं अन् मग सरळ करतं, तिथंच रेघ येती. नवीन बाईला मी पहिला दिवसभर डोळे मिटून फक्त अंगठ्यानं उंचवटा चाचपायला लावते, दोन्ही कडांना सारखा लागला तर क्रीझ मधोमध, एका बाजूला जास्त लागला तर चॅनल सरकलंय. अन् एका झटक्यात काटकोनात मोडू नका, आधी हलकी वाकवा.

बरं, आतून बटर पेपर घालताय ना? छपाईची शाई पेढ्याला लागता कामा नये, पार्टीला सांगून ठेवा.

लातूर_ऑफसेट

ताई, बटर पेपर पार्टी स्वतः घालते, तरी सांगतो.

आजचा रिझल्ट. काल रात्री ३८०० मधल्या २०० शिटा ५०-५० च्या थप्प्या करून पंचिंगच्या खोलीत ठेवल्या, गोणपाट टांगलं, सकाळी सहाला काटा ४६ वर होता. संभाजीनगरहून ०.५ खोल × १.५ रुंद अशी चॅनल पट्टी मागवली, १.४ मिळाली नाही. २०० पंच केले. घरच्यांनी बसून सगळे दुमडले, ताईंनी सांगितल्यासारखं अंगठा लावून. आखूड बाजूला एकही रेघ नाही, लांब बाजूला ९ बॉक्सवर केसाएवढी. मग मुद्दाम दुपारी दोनला त्याच चॅनलवर २० काढून बघितले, त्यात ५ ला रेघ. म्हणजे दोन्ही कारणं खरी.

आधीच्या १२०० चं काय करावं?

वाळूज_पॅकेजिंग

ते वाचत नाहीत दादा. मार्करनं रेघ रंगवू नका, मॅटवर चमकती अन् हाताला लागती. पार्टीला खरं सांगा, तेवढे परत छापून द्या. त्यावेळी शीटवर बॉक्स फिरवून बसतो का बघा, लांब घडी ग्रेनच्या बाजूनं येईल.

लातूर_ऑफसेट

फिरवून बसवलं तर शीटला एक बॉक्स कमी बसायलाय, तरी तसंच करतो. पार्टीला सकाळी फोन केला, चार दिवस वाढवून दिलेत. उरलेले आता पहाटे पाच ते दहा एवढ्याच वेळात काढायचे, दहानंतर ट्रेडलवर फक्त बिलबुकांचं नंबरिंग.