इंचातला आराखडा, मिलिमीटरची प्लाय: मापे बदलताना आकडे कोठे पूर्ण करावेत?

प्रश्न: हौशी सुतार, कोथरूड

नमस्कार. पुस्तकांचे कपाट स्वतः करावे असे मनात आहे आणि त्यासाठी एक अमेरिकन आराखडा निवडला आहे. बाहेरची रुंदी 36 इंच, खोली सव्वाअकरा इंच, उभ्या बाजू पाऊण इंच जाडीच्या आणि आतल्या फळ्या साडेचौतीस इंच लांब, अशी त्यातली मापे आहेत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेली प्लाय मात्र 18 मिलिमीटर जाडीची आहे. प्रत्येक माप 25.4 ने गुणले की 285.75 किंवा 876.3 असे आकडे येतात आणि ते टेपवर दाखवणेही अवघड होते. हे आकडे नेमके कोठे आणि किती पूर्ण करावेत? करवत चालवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. माझी बहीण अमेरिकन नमुन्यावरून स्वेटर विणत आहे आणि सुयांच्या नंबरांबाबत तिलाही अशीच शंका आहे.

उत्तर: रंधा आणि गुण्या

25.4 हा आकडा अंदाजाचा नाही. अमेरिका, ब्रिटन आणि अन्य काही देशांनी 1959 मध्ये यार्ड म्हणजे 0.9144 मीटर असे ठरवले, तेव्हापासून इंच नेमका 25.4 मिलिमीटरचा आहे; त्यामुळे आपल्या गुणाकारात काहीच चूक नाही. मात्र आराखड्यातला कोणता आकडा खरे माप आहे आणि कोणता केवळ व्यवहारातले नाव आहे, हे गुणण्यापूर्वी पाहायला हवे. अमेरिकेत ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. तिकडची पाऊण इंची प्लायसुद्धा पुष्कळदा 23/32 इंच, म्हणजे सुमारे 18.3 मिलिमीटरच असते.

आता आपले कपाट घ्या. 36 इंच म्हणजे 914.4 मिलिमीटर. आतली फळी 876.3 कापली आणि दोन्ही बाजू 18 च्या लावल्या, तर बाहेरची रुंदी 912.3 होईल, मागची प्लाय आराखड्याप्रमाणे कापून ठेवली असेल तर ती दोन मिलिमीटर बाहेर डोकावेल. म्हणून फळीचे माप भाषांतरित करू नका, ते नव्याने काढा. बाहेरची रुंदी सरळ 914 धरा, त्यातून दोन बाजूंचे 36 वजा करा आणि फळी 878 ची कापा. आकडा पूर्ण करायचा तो एकदाच, बाहेरच्या मापाला. आतली सगळी मापे त्यातूनच वजाबाकीने काढावीत. बाजूंना खाच पाडणार असाल तर ती आराखड्यातल्या 19.05 ऐवजी हातातल्या प्लायच्या जाडीची पाडा, आणि ही जाडी कॅलिपरने मोजूनच ठरवा.

खोलीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. सव्वाअकरा इंच ही तिकडच्या बारा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या फळीची खरी रुंदी आहे. आपण प्लाय वापरत असल्यामुळे तिला चिकटून राहण्याचे कारण नाही. आपल्याकडे प्लायची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. आठ बाय चारचा ताव सामान्यतः 2440 बाय 1220 मिलिमीटरचा असतो. खोली 300 धरली, तर चार पट्ट्यांचे 1200 आणि मधल्या तीन कापांत पात्याने खाल्लेले सुमारे 9, असे 1209 होतात आणि ताव जवळजवळ पूर्ण उपयोगात येतो.

एक सूचना आग्रहाने करतो. कापून घेण्यासाठी सुताराकडे जाल तेव्हा तो सुतात बोलेल, आणि त्यात गैर काही नाही, कारण आठ सुतांचा इंच हे त्याचे रोजचे माप आहे. परंतु एक सूत म्हणजे 3 मिलिमीटर असे ढोबळ धरले, तर आठ सुतांत जवळजवळ दीड मिलिमीटरची तूट येते. त्याला कागदावर मिलिमीटरच लिहून द्या आणि कापापासून जोडणीपर्यंत एकच टेप वापरा.

उत्तर: दोन सुया, सहकारनगर

ताईंसाठी लिहिते. सुयांचे नंबर हे माप नव्हेच, आणि दोन पद्धतींत ते उलट दिशेने चालतात. जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते, तर अमेरिकन क्रमांकात ती जाड होते. आपल्या घरोघरी आजीच्या काळापासून असलेली 8 नंबरची सुई बहुधा ब्रिटिश क्रमांकाची, म्हणजे 4 मिलिमीटरची असते. अमेरिकन 8 नंबर मात्र 5 मिलिमीटरचा असतो. नमुन्यात अमेरिकन 8 नंबर असताना घरातल्या 4 मिलिमीटरच्या सुयांवर तेवढेच टाके घातले तर स्वेटर अंगाला आवळेल. तुळशीबागेत सुया घेतानाही नंबर न सांगता मिलिमीटर सांगावेत. नमुन्यात 4 इंचांत 22 टाके सांगितले असतील आणि ताईंनी ते 10 सेंटिमीटरमध्ये मोजले, तर 40 इंची छातीला तीन-चार टाक्यांचाच फरक पडतो. लोकर तेवढा सहज सामावून घेते, त्याची चिंता नको. सुईची जाडी मात्र काटेकोरपणे पाहावी.

उत्तर: ओव्हनवाली

केकलाही हेच लागू आहे. 350 फॅरनहाइट म्हणजे 177 सेल्सिअस. खटका 175 वर ठेवा किंवा 180 वर, केक बिघडत नाही. मैद्याचा कप मात्र वजनानेच, सुमारे 120 ते 125 ग्रॅम घ्यावा, कारण अमेरिकन कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो आणि आपल्याकडे 250 चेही कप मिळतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीने सुया तपासल्या. त्या 4 मिलिमीटरच्याच निघाल्या. आता एकच शंका उरली आहे. आराखड्यात फळ्या बाजूंना जोडण्यासाठी 8 नंबरचे दोन इंची स्क्रू सांगितले आहेत. ते येथे काय म्हणून मागावेत?

उत्तर: रंधा आणि गुण्या

येथेही 8 हा क्रमांकच आहे. तो सुमारे 4.2 मिलिमीटर व्यासाचा स्क्रू होय. आपल्याकडच्या पेटीवर लांबी मिलिमीटरमध्ये आणि जाडी याच जुन्या क्रमांकात छापलेली असते, म्हणून 50 बाय 8 मागा. दोन इंचांचे 50.8 होतात, पण येथे पाऊण मिलिमीटरला महत्त्व नाही: 18 मिलिमीटर बाजूतून गेल्यावरही फळीत 32 उरतात आणि पकड पुरेशी बसते. प्लायच्या कडेत स्क्रू थेट पिळू नका, थर फुटतात. आधी 3 मिलिमीटरचे भोक पाडून घ्या.