काऊंट कमी आलाय, अश्वगंधा घेऊ का?

प्रश्न
नमस्कार. वय 33, लग्नाला चार वर्षं झाली. बार्शीजवळ आमची बेकरी आहे, पहाटे तीनपासून मी भट्टीसमोर असतो. गेल्या महिन्यात वीर्यतपासणी केली. शुक्राणूंचा काऊंट 9 दशलक्ष, मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल 25 टक्के. बायकोच्या तपासण्या नॉर्मल आहेत. घरात बाकी कुणाला सांगितलेलं नाही.

आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याने मुसळी, अश्वगंधा, कवचबीज म्हणून पूड दिली. साध्या कागदाची पुडी, वर काही लिहिलेलं नाही. घेतली की तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, नाक चोंदतं. पण ताकद लगेच जाणवते. हीच चालू ठेवू की कंपनीची अश्वगंधा आणू?

उत्तर 1
भाऊ, ती पूड आजच बंद करा. साताऱ्यात 22 वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, ही लक्षणं ओळखीची आहेत. मुळी तासाभरात असं काम करत नाही. अशा पुडीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, कुटून घातलेलं असू शकतं. त्याने ताठरता येते, शुक्राणू वाढत नाहीत. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाने ते घेतलं तर बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेततं. म्हणून दुसऱ्या कुणालाही ती देऊ नका.

अश्वगंधेचं म्हणाल तर 2013 साली कमी काऊंटच्या 46 पुरुषांवर चाचणी झाली होती. रोज 675 मिलीग्रॅम मुळीचा अर्क, 90 दिवस. काऊंट चांगला वाढला, पण माणसं फारच थोडी होती. आणि थायरॉईड वाढलेला असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर ती मनाने घेऊ नये.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. आठवड्यात फरक पाडतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी यूरोलॉजिस्टला दाखवा, व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या आहेत का ते हाताने तपासतील. मलाही तेच निघालं होतं. तोवर मी दोन वर्षं दुधातून मुसळी पीत बसलो, ती दोन वर्षं आजही सलतात.

उत्तर 2
दादा, भट्टीचंही डॉक्टरांना सांगा. वृषणांना अंगापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते. तपासणीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का? त्यानेही काऊंट पडतो. एका रिपोर्टवर ठरवू नका, परत करा. आधी दोन ते सात दिवस संयम पाळा, दोन्ही वेळा दिवस सारखेच ठेवा.

प्रश्नकर्ता
दिवाळीत डेंग्यू झाला होता, आठ दिवस ताप. तपासणी त्यानंतर दीड महिन्याने केली. डॉक्टरांना हे सांगायचं सुचलंच नव्हतं. पूड बंद केली. गुरुवारी सोलापूरला जातोय, उरलेली पुडी सोबत नेतो. बायको म्हणतेय मीही येते.

उत्तर 1
न्या त्यांना. आणि भाऊ, पुडी दाखवायला लाजू नका.