मॉरिस मायनर १९५८: सेल्फ रडतो, लाईट मिणमिणते, वायरिंग सगळी उपसून टाकू का?

परभणीचा_मायनर:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या आबांची मॉरिस मायनर १००० आहे, १९५८ ची, ९४८ सीसी. आबांनी हैदराबादहून सेकंडहँड आणली होती, त्यांच्या माघारी बावीस वर्षं वाड्याच्या ढाळजेत कडब्याला टेकून उभी होती. मागच्या दिवाळीत मनावर घेतलं, इंजिन बांधून घेतलं, रंग मारला, टायर टाकले, आता गाडी चालायली बरं का, पण लाईटचं काही खरं नाही.

दुखणी सांगतो. सकाळी सेल्फ बरा फिरतो पण गाडी एकदा गरम झाली की रडल्यासारखा फिरतो, घर्र घर्र करून बसतो, बॅटरी नवीन आहे, तीनदा चार्ज करून झाली. रात्री चौकात थांबलो की हेडलाईट चिमणीसारखी पिवळी पडते आणि डॅशवरचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. ब्रेक दाबला की मागची उजवी टेललाईट उजळायची सोडून मंद होते, हे कसं काय होतंय मला अजून कळलं नाही. आणि डावीकडचा इंडिकेटर, म्हणजे दारामागच्या खांबातून जो हात बाहेर येतो तो, अर्ध्यात लटकतो, गल्लीतली पोरं हसायलीत.

इथला एक इलेक्ट्रिशियन म्हणला ही लुकासची इंग्रजी वायरिंग आहे, हिचं कुणाच्या बापाला जमलं नाही, सगळी उपसून काढू, बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून त्या जागी मारुतीचा अल्टरनेटर बसवू, आणि बॅटरी पण कोणीतरी उलटी जोडलीय, प्लस बॉडीला आहे, ती सरळ करून देतो. पंचवीस हजार सांगितलेत. पैशाचं सोडा, पण आबांची गाडी आहे, उगं काहीतरी कापून बसायचं आणि मग हळहळायचं. काय करू?

आणि हो, चोकची केबल लई तापते, चटका बसतो, पण ते इंजिनच्या गरमीनं असेल, परवा ४३ होतं इथं.

डेपोतले_काका (लातूर):

थांब थांब थांब. आधी गाडी बंद ठेव. शेवटची ओळ तू सहज लिहिलीस अन् सगळा रोग त्या ओळीतच हाय.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतंय, म्हणजे बॉडीला त्याचा लोखंडाला लोखंड असा संबंध नाही. सेल्फ मारला की शंभराच्या वर अँपिअर करंट ओढतोय, तो इंजिनातून परत बॉडीत अन् तिथून बॅटरीला जायला एक जाड विणलेली तांब्याची पट्टी असती. मायनरला ती खाली गिअरबॉक्सकडं असती, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. इंजिन उतरवताना मिस्त्रीनं सोडली आणि बसवताना राहून गेली, माझी पैज घे. मग करंट बसतोय थोडाच, तो वाट हुडकतो, आणि त्याला सापडली चोकची केबल अन् ॲक्सिलरेटरची तार. तुझ्या चोकच्या केबलची हिटरची कॉइल झालीय बाबा. कार्बोरेटरच्या शेजारी, पेट्रोलच्या वासात. उन्हाला कशाला दोष द्यायलास!

मी एसटीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतनं परत जायची वाट, हुडकण्यात गेली. मीटर असला तर असं कर. २० व्होल्ट डीसीवर ठेव, एक पिन बॅटरीच्या बॉडीकडच्या खुंटीवर टेकव, खुंटीवर, टर्मिनलच्या कडीवर नाही, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, अन् कुणाला तरी सेल्फ मारायला लाव, दोन-तीन सेकंदच. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवलं तर मी खोटा. जास्त दाखवलं तर तेवढे व्होल्ट सेल्फला मिळतच नाहीत.

टेललाईटचं पण तेच. रंग मारलास ना? लॅम्पच्या बुडाखाली रंग गेला, अर्थ तुटला. एका काचेत ब्रेकचा अन् टेलचा असे दोन फिलामेंट असतात, दोघांना बॉडीत जायची वाट बंद झाली की ब्रेकचा करंट टेलच्या तारेतनं उलटा शिरून दुसऱ्या बाजूच्या लॅम्पमधनं बाहेर पडतो. म्हणून मंद. स्क्रू काढ, बुडाखालचा रंग काचकागदानं घासून चकचकीत कर, व्हॅसलीन लावून बसव. खर्च शून्य.

लुकासला लोक फुकट शिव्या देतात. बर्मिंगहॅमची कंपनी, आधी सायकलीचे कंदील करायची. इंग्लंडात तिला अंधाराचा राजकुमार म्हणायचे म्हणे, आपल्याकडं लोडशेडिंग बघितलेल्या माणसानं त्याला काय हसावं. ज्या डायनामोचे कार्बन, म्हणजे आतले घासणारे ब्रश, साठ वर्षं कुणी बघितले नाहीत तो डायनामो अजून दिवा लावतोय, आणखी काय पाहिजे? मागच्या साठ वर्षांत ज्यानं त्यानं टेप गुंडाळून जे जोड मारलेत ते मोजून बघ एकदा.

जालना_लँडमास्टर:

काकांना शंभर पैकी शंभर. मी फक्त बॅटरीवर बोलतो, कारण त्यात माझे हात पोळलेले आहेत.

परभणीकर, तुमची बॅटरी उलटी नाही, सरळच आहे! त्या काळच्या इंग्रजी गाड्यांना प्लस बॉडीला असायचा, बहुतेकांना साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तसंच चाललं, एमजीबी ही स्पोर्ट्स गाडी तर १९६७ मध्ये जाऊन बदलली. आमच्याकडची लँडमास्टर पण मॉरिस ऑक्सफर्डचीच बहीण, तिलाही प्लसच बॉडीला. आता माझी कथा ऐका. नवीन बॅटरी घेतली, दुकानातल्या पोराला सवय मायनस बॉडीला लावायची, त्यानं तशी लावली, मी चहा पीत होतो, बघितलं नाही, चूक माझीच. गाडी चालू झाली, एकदम झकास, कारण ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉईलला आणि सेल्फला प्लस-मायनसचं फारसं काही पडलेलं नसतं. मी खुशीत रेस दिली आणि बॉनेटमधून चट्ट आवाज आणि निळा धूर. काय झालं की डायनामोच्या लोखंडात जुनीच चुंबकी दिशा शिल्लक होती, त्यानं जुन्या दिशेनं करंट काढला, कटआउट, म्हणजे डायनामोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, मिटला, आणि डायनामो अन् बॅटरी एकमेकांवर धडकले, बाराला बारा मिळून चोवीस व्होल्टचा शॉर्टच म्हणा ना. कटआउटचे पॉइंट वेल्डिंग केल्यासारखे चिकटले, वायरचं कापड जळालं ते वेगळंच.

मग कळलं की बॅटरी मुद्दाम फिरवायचीच असेल तर डायनामोला आधी नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या दोन्ही वायरी सोडायच्या आणि बॅटरीच्या बॉडीला नसलेल्या टोकाकडून एक वायर आणून डायनामोच्या एफ लिहिलेल्या टर्मिनलला एक-दोन वेळा नुसती टिचकी मारल्यासारखी लावायची, बस्स, झालं. कॉईलवरच्या एसडब्ल्यू आणि सीबी या दोन वायरींची पण अदलाबदल करायची, नसता गाडी चालते पण प्लगची ठिणगी कमजोर पडते, प्लगचा मधला तापलेला दांडा मायनस असला की ठिणगी सोपी उडते म्हणून. अँपमीटर असला तर त्याच्या पण वायरी फिरवायच्या. एवढं करून मिळतं काय, तर मोबाईल चार्जर आणि एलईडी बल्ब. मी परत प्लस बॉडीला केला आणि बॅटरीच्या ट्रेवर लाल रंगानं लिहून ठेवलं, प्लस बॉडीला, हात लावण्याआधी मालकाला विचारा.

वाळूज_सर्किट (छत्रपती संभाजीनगर):

सगळे भावनेत वाहायलेत म्हणून जरा थंड पाणी ओततो. अर्थिंग आधी करा, मान्यच. पण डायनामोचं गणित पण बघा. मायनरच्या डायनामोची ताकद १९ ते २२ अँपिअर, ती पण रेस असताना, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. म्हणजे चौकात लाल दिवा लुकलुकणं हा बिघाडच नाही, त्या गाडीची ती तऱ्हाच आहे. जुने बल्ब ४२/३६ वॅटचे होते, त्या हिशोबानं डायनामो पुरायचा. आता परभणीकर, खरं सांगा, हॅलोजन टाकलेत ना? ६०/५५ चे दोन हॅलोजन म्हणजे अप्परला १० अँपिअर तेवढ्यातच गेले, वर इग्निशन, वायपर, हॉर्न. त्यात तो सगळा करंट डॅशवरच्या साठ वर्षं जुन्या स्विचमधून आणि पायाखालच्या डिपरमधून जातो. रिले टाका दोन, जड करंट ते उचलतील, स्विचला नुसता इशारा द्यायचं काम राहील. रात्रीची गाडी खूप चालवायची असेल तर अल्टरनेटर मला तरी चुकीचा वाटत नाही, पण मग मायनस बॉडीला करावाच लागेल.

दुसरं, फ्यूज. मायनरच्या फ्यूजबॉक्समध्ये दोनच फ्यूज. एकावर हॉर्न, दुसऱ्यावर इग्निशन चालू असताना चालणारं बाकी सगळं. हेडलाईट आणि इग्निशन फ्यूजशिवाय! आणि एक मोठी फसगत. जुन्या लुकासच्या फ्यूजवर ३५ अँप लिहिलेलं असतं ना, तो आकडा जळायचा आहे, सतत झेपायचा १७ च. आज बाजारात ३५ लिहिलेला काचेचा फ्यूज घेतला तर तो ३५ सतत झेलतो, म्हणजे फ्यूजच्या आधी वायर जळेल. १५ चा टाका. काही लोक सिगरेटची चांदी गुंडाळतात, त्यांना दंडवत.

आणि ढाळजेत कडब्याशेजारी बावीस वर्षं म्हणजे उंदीर. डॅशच्या मागं टॉर्च मारून बघाच. बॅटरीच्या अर्थवर फिरकीचा कटऑफ स्विच बसवा, रात्री फिरवून ठेवायचा.

डेपोतले_काका (लातूर):

वाळूजवाले, रिलेचं अन् फ्यूजचं बोललात ते लाख मोलाचं. अल्टरनेटरचं मात्र मला पटत नाही. दिवसा लग्नाच्या वरातीला अन् रविवारी औंढ्याला जाऊन यायला काय करायचाय अल्टरनेटर? जुने बल्ब लावा, डायनामोच्या मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक हाय त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. जास्त नको, नसता तेल कार्बनवर येतंय.

पोरा, वायरींचे रंग शिकून घे, मग तुला कुणी फसवू शकणार नाही. तपकिरी म्हणजे बॅटरीची कायम जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत. हिरवी म्हणजे पांढरीच पण फ्यूजच्या पलीकडची. काळी अर्थ. निळी हेडलाईट, लाल साईडलाईट. कापडी वायरीवर धूळ बसून सगळे एकच दिसतात, ओल्या फडक्यानं पुसलं की रंग वर येतो. आणि जिथं जिथं रबराच्या नळीत दोन वायरींची गोळीसारखी टोकं भेटतात तो जोड ओढून बघ, आत हिरवं बुरशीसारखं दिसलं तर घासून काढ किंवा आतली पितळी नळी बदल. आपलं एक बरंय, मराठवाड्यात दमट हवा नाही, कोकणातल्या गाड्यांचे हे जोड बघवत नाहीत. आपल्याकडं धूळ अन् ऊन, रबर मात्र पापडासारखं कडकतं.

परभणीचा_मायनर:

काका, पाय कुठं हायत! रविवारी गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडं लावली, शिरलो. पट्टीच नाही! गिअरबॉक्सला नुसता रिकामा बोल्ट. मिस्त्रीला फोन केला तर म्हणतो, ती वायर उरली होती, मला वाटलं जुनी असेल. त्यानं भंगारात पण टाकून दिली. मीटर लावलं तर सेल्फ मारताना साडेतीन व्होल्ट तिथंच खाऊन टाकत होतं. बॅटरीवाल्याकडून विणलेली पट्टी दोन्हीकडं थिंबल मारून घेतली, बोल्टाखालचा रंग घासला, बसवली. आता ०.२ दाखवतं आणि सेल्फ असा फिरतो की आई आतून विचारत आली काय झालं म्हणून. चोकची केबल थंडगार, पण आतून जळून करपलीय, ओढताना अडकते, बदलावी लागंल.

टेललाईटखाली बोटभर रंग होता, दोन्हीकडं घासला, ब्रेक एकदम लखलखीत. हॅलोजन होते, वाळूजवाल्यांनी बरोबर पकडलं, माझ्या चुलतभावानं हौसेनं टाकलेले, काढले, काढल्यापासून चौकात एवढी पिवळी पडत नाही. लाल दिवा लुकलुकतो अजून, लुकलुकू दे. फ्यूज १५ चे टाकले. बॅटरीवर लाल रंगानं लिहिलं, जालनावाल्यांचंच वाक्य चोरलं. डॅशमागं उंदराचं घर निघालं, आबांच्या धोतराच्या चिंध्या होत्या त्यात, तपकिरी वायर दोन ठिकाणी कुरतडलेली, तेवढाच तुकडा बदलायचा का पूर्ण वायर?

राहिला तो हात. अजून अर्ध्यातच लटकतो.

डेपोतले_काका (लातूर):

तपकिरी पूर्ण बदल, तिच्यावर फ्यूज नाही, तिथं तुकडा-जोड नको. तोवर कटऑफ फिरवूनच झोप.

हाताला बिजागरीच्या पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. तो वर खेचणारं आत चुंबकाचं गुंडाळं असतं, त्याच्या दांड्यावर धूळ बसली की अर्ध्यातच दमतं. तेल सोडलं की दहा-वीस वेळा वर-खाली करून बघ, आणि तरीही नाही उठला तर त्याचा पण अर्थ बघ, तिथं पण रंग मारला असशील.