बाबांची जलरंगातली चित्रं ऑनलाइन गॅलरीत विकायचीत, सुरुवात कुठून करू?

मोतीतलावकाठी:

नमस्कार मंडळी. आम्ही सावंतवाडीचे. माझे बाबा हायस्कुलात चित्रकला शिक्षक होते, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि रविवार मिळाला की पाठीला बोर्ड बांधून सायकलवर बाहेर पडायचे, कधी तेरेखोलच्या बाजूला, कधी आंबोलीच्या वाटेवर एसटीने. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, हात अजून चालू आहे. घरी लोखंडी ट्रंकेत दोनशेच्या वर चित्रं आहेत, बहुतेक अर्धा इम्पिरियल म्हणजे १५ बाय २२ इंच, सगळी जलरंग. गेल्या पावसाळ्यात एक गठ्ठा बाहेर काढला तर वरच्या दोन चित्रांच्या आकाशात बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेले. बाबा काही बोलले नाहीत, नुसते खिडकीपाशी धरून बघत राहिले. तेव्हा ठरवलं की ही चित्रं आता लोकांच्या भिंतीवर गेली पाहिजेत.

एका ऑनलाइन गॅलरीचा फोन आला होता, म्हणाले वर्षाला १२ हजार भरा, ५० चित्रं लावू, दोन महिने पहिल्या पानावर ठेवू, विकलं की वर २५ टक्के कमिशन. हे बरोबर आहे का? किंमत कशी लावायची, बाबा तर म्हणतात तुला हवी ती लाव. फोटो मी मोबाईलवर काढलेत पण कागद निळा दिसतो. कुणी हे केलंय का? सविस्तर सांगाल तर फार बरं होईल.

रंगपेटी_पुणे:

ताई, आधी ते १२ हजार भरू नका. मी सहा वर्षं ऑनलाइन विकतोय म्हणून सांगतो, जी गॅलरी चित्र विकल्यावर आपले पैसे कापते तिला ते विकावंच लागतं, आणि जिने वर्षाचे पैसे आधीच घेतले तिचं काम त्याच दिवशी झालेलं असतं. कमिशन मोठं दिसलं तरी घाबरू नका, साची आर्टसारख्या परदेशी साइटवर ४० टक्के जातात, आपल्याकडेही ३० ते ५० च्या मधेच चालतं, प्रत्यक्ष भिंतीवरच्या गॅलऱ्या पण तेवढेच घेतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लावायचं म्हटलं तर भाडं वेगळं आणि तारीख मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं, बाबांच्या वयाला ते परवडणारं नाही, त्यामुळे ऑनलाइनचा विचार योग्यच आहे.

किंमत चौरस इंचावर लावा. १५ बाय २२ म्हणजे ३३० चौरस इंच, समजा इंचाला २० रुपये धरले तर ६,६०० झाले, त्यातून ४० टक्के गेले की हातात ३,९६० राहतात. कागद, रंग, पॅकिंग वजा करून जे उरतं ते बाबांना मान्य आहे का हे त्यांच्यासमोर बसून बघा, नसेल तर दर २५ करा. पण एकदा दर ठरला की सगळीकडे तोच, गॅलरीत ६,६०० आणि घरी आलेल्या पाहुण्याला ४,००० असं अजिबात करू नका, गिऱ्हाईक शोधून काढतं आणि मग गॅलरी पुढच्या वेळी चित्र घेत नाही. खास आवडलेलं चित्र असेल तर त्याचा दर चढा लावण्यापेक्षा ते विकायलाच काढू नका.

फोटोचं म्हणाल तर सकाळी नऊच्या सुमारास पडवीत, ऊन थेट न येणाऱ्या जागी चित्र उभं ठेवा, फ्लॅश नको, घरातला बल्बही बंद. मोबाईल दोन पावलं मागे नेऊन थोडा झूम करा म्हणजे कडा वाकत नाहीत. कागद निळा येतो कारण सावलीतला उजेडच निळसर असतो, चित्राशेजारी साधा पांढरा कागद ठेवून फोटो काढा आणि नंतर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवा. मोठी फाईल स्वतःकडे ठेवायची, साइटवर लांब बाजू १,५०० पिक्सेलपर्यंतचीच चढवायची. तेवढ्यात स्क्रीनवर छान दिसतं पण कुणी मोठा प्रिंट काढायला गेलं तर फाटतं.

कॅनव्हास_आणि_कात्री:

वरच्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी फक्त कराराबद्दल लिहिते कारण मी त्यात पोळलेय. एका गॅलरीशी (नाव घेत नाही) मी करार न वाचता ओके दाबलं. त्यात दोन ओळी होत्या, एक म्हणजे वर्षभर तीच चित्रं दुसरीकडे दाखवायची नाहीत आणि दुसरी म्हणजे चढवलेल्या प्रतिमेचे प्रिंट काढून विकायची परवानगी त्यांना. वर्षभरात मूळ चित्र एकही गेलं नाही, पण माझ्या एका चित्राचा प्रिंट मैत्रिणीला एका हॉटेलच्या खोलीत दिसला, मला त्याचा एक पैसा नाही. भांडायला गेले तर त्यांनी मी दाबलेलं ओकेच दाखवलं. तो प्रिंट फिकट आणि कडेला कापलेला होता, माझी सहीच कापली गेलेली, त्याचं दुःख पैशापेक्षा जास्त झालं.

म्हणून ताई, एवढं लक्षात ठेवा की चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तो चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. गॅलऱ्यांच्या अटीत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द त्यासाठीच असतात, ते दिसले की थांबा. 'जाहिरातीसाठी प्रतिमा वापरू' इतकं चालेल, 'प्रतिकृती विकू' हे वेगळं कलम हवं आणि त्यात प्रत्येक प्रिंटमागे बाबांना किती ते आकड्यात हवं.

आणि नावाचं मनावर घ्या. तुमच्याच सावंतवाडीला जन्मलेले सा. ल. हळदणकर, त्यांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, ते जलरंगातलं आहे आणि समोर त्यांची स्वतःची मुलगी गीता उभी होती. आज नेटवर ते चित्र किती ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावाने फिरतंय बघा. इतक्या मोठ्या माणसाचं असं होतं. तुम्ही प्रत्येक फाईलच्या नावात बाबांचं नाव आणि साल घाला आणि प्रत्येक चित्रासोबत सहीचं प्रमाणपत्र द्या.

पार्सलवाला_भाऊ:

मी फ्रेमिंग करतो आणि बाहेरगावी पाठवतो. जलरंगाचं चित्र फ्रेम करून पाठवायच्या भानगडीत पडू नका. काच फुटली तर तुकडे चित्रावरच पडतात आणि कागद चिरतो, मी स्वतः पाहिलंय. खर्चाचंही बघा, बहुतेक खासगी कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. तुमचं चित्र नुसतं सपाट पॅक केलं तर ६२ बाय ४५ बाय ४, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. तेच माउंट, फ्रेम, खोकं धरून ८४ बाय ६६ बाय १२ झालं की १३ किलोच्या वर, जरी उचलून बघितलं तर चार किलो भरलं तरी.

पॅकिंग असं करा: चित्रावर बटर पेपर, ग्लासिन नावाचा गुळगुळीत पातळ कागद मिळाला तर उत्तमच, चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोण करून ते पुठ्ठ्याला चिकटवा, चित्राला चिकटपट्टी लावायची नाही. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुणी वाकवायला गेलं तरी वाकत नाही. मग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत सील, कोकणातून जाणार म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. पण पिशवीत घालायच्या आधी कागद पूर्ण कोरडा हवा, नाहीतर ओल आतच कोंडते आणि तुमच्या ट्रंकेत झालं तेच वाटेत होतं. ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ठिपके पडलेली दोन चित्रं बाकीच्यांपासून आजच वेगळी करा. ती ओल्या फडक्याने पुसू नका, रंग उठेल.

हिशेबाची_वही:

मी सीए आहे, थोडक्यात लिहितो. मूळ चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकायचं असेल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही चालतं, फक्त पोर्टलवर एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. राज्याबाहेर प्लॅटफॉर्ममधून जाणार असेल तर मात्र आधी जवळच्या सीएला भेटा, गॅलरी स्वतःच्या बिलावर विकते की तुमच्या, यावर बरंच अवलंबून आहे आणि तो प्रश्न गॅलरीला लेखी विचारा. बाबांचा पॅन दिलेला असू द्या, व्यवहार आणि बँक खातं दोन्ही बाबांच्याच नावाने ठेवा, तुमच्या नको. परदेशी पाठवायचं झालं तर आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड काढावा लागतो, ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो, आणि टपाल खात्याच्या डाक घर निर्यात केंद्रातून पार्सल जातं.

अजून एक, फसवणुकीचे मेल येणारच. 'माझ्या बायकोला तुमचं चित्र फार आवडलं, आम्ही घर बदलतोय, माझा माणूस उचलायला येईल' असं लिहून किमतीपेक्षा जास्तीचा चेक पाठवतात आणि वरचे पैसे परत मागतात. आपल्याकडे क्यूआर पाठवून 'पैसे घ्यायला स्कॅन करा' म्हणतात. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, हे बाबांनाही सांगून ठेवा.

न्यूजर्सीचा_नाना:

मी विकत घेणारा आहे, त्या बाजूने सांगतो. इथे बसून कोकणातलं चित्र घेताना मला तीन गोष्टी हव्या असतात आणि बहुतेक जण एकही देत नाहीत. चित्राचा आकार कळेल असा एक फोटो, म्हणजे कुणीतरी हातात धरलेलं किंवा खुर्चीवर ठेवलेलं. जवळून काढलेला एक फोटो, ज्यात कागदाचा दाणा आणि रंग कुठे वाळून थांबलाय ती कड दिसते. आणि तिसरं, ते कुठे बसून काढलंय. 'निसर्गचित्र क्रमांक १४' लिहिलेलं मी उघडतही नाही. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, तिथली एखादी ओळखीची व्हाळी (ओढा) दिसली तर मी किमतीत घासाघीस करत नाही. ताई, लागलंच तर मेसेज करा, मला खरंच बघायला आवडतील.

मोतीतलावकाठी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. त्या १२ हजारवाल्यांना नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या एका गॅलरीचे करार मागवलेत, त्यात 'कायमस्वरूपी' शब्द निघाला, तो काढणार का म्हणून विचारलंय, उत्तर आलं नाही अजून. तोवर ट्रंक रिकामी केली. २१४ चित्रं निघाली, त्यातली ६ बाबांनी बाजूला काढून कपाटात ठेवली, ती द्यायची नाहीत म्हणाले, मी कारण विचारलं नाही.

नानांनी सांगितलं म्हणून बाबांना प्रत्येक चित्राची जागा विचारायला बसले. मला वाटलं आठवणार नाही. ते चित्र हातात घेतात, उलटं करतात आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहितात, हात अजिबात थांबत नाही. 'तेरेखोल, भरती सुरू, १९९३'. 'आंबोली, धुकं आल्यामुळे अर्धं सोडलं'. एकावर 'बांदा, पाऊस आला, उजवीकडचे ठिपके पावसाचे' असं लिहिलंय, आणि मी इतकी वर्षं ते ठिपके मुद्दाम काढलेले समजत होते. रोज दहा-बारा होतात, मग डोळे दुखतात म्हणतात. पार्सलवाले भाऊ, पावसाचे थेंब पडलेलं ते चित्र विकताना तसं लिहून सांगायचं ना? आणि ग्लासिन आमच्याकडे कुणाकडेच नाही, कोल्हापूरला मिळेल का?

पार्सलवाला_भाऊ:

नक्की लिहून सांगा, बाबांच्याच शब्दांत लिहा. ग्लासिनसाठी कोल्हापुरात मोठ्या आर्ट मटेरियलच्या दुकानात फोन करून विचारा, नसेल तर साधा पांढरा बटर पेपर घ्या, फक्त मेण लावलेला नको.