साडेचार लाखांत आईबाबांसाठी जुनी गाडी घ्यायची आहे. नाशिकमध्ये कुणाला दाखवू, काय बघू?

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर फक्त दुचाकी होती. यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाबा ६८ वर्षांचे आहेत. रिक्षात चढताना आईचा चेहरा बघवत नाही, म्हणून गाडी घ्यायचं ठरवलंय. कर्ज काढायचं नाही, साठवलेल्या साडेचार लाखांत बसवायचं आहे. वापर म्हणाल तर मला रोज सातपूरला ऑफिस, महिन्यातून एकदा कळवणला मामांकडे आणि वर्षातून दोनदा सप्तशृंगीच्या गडावर देवीला.

दोन गाड्या बघितल्या. पहिली २०१६ ची वॅगन आर, सीएनजी. हायवेलगतच्या एका डीलरकडे आहे, मीटर ४८ हजार, साडेतीन लाख सांगतोय. आतून-बाहेरून चकाचक. दुसरी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, कॉलेज रोडच्या एका निवृत्त काकांची. ७१ हजार चाललीय, मागच्या दारावर ओरखडा, सीटकव्हर विटलेलं, पण सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. ४ लाख ७० सांगतायत, खाली येतील असं वाटतं. बाबा म्हणतात कमी चाललेली घे. माझा जीव स्विफ्टवर आहे. गाडीतलं मला काही कळत नाही, चुकायची भीती वाटते. सांगा.

अंबडचा गॅरेजवाला

ताई, वीस वर्षं गाड्या उघडतोय, म्हणून सांगतो. मीटरवर जाऊ नका. मीटर मागे घेणारे आहेत आणि त्याला फार वेळ लागत नाही. साधा हिशेब करा. २०१६ ची गाडी ४८ हजार म्हणजे दिवसाला साधारण पंधरा किलोमीटर. जो माणूस सीएनजीची गाडी घेतो तो चालवायलाच घेतो. इतकी कमी चाललेली असेलही, पण मग त्याचा पुरावा मागायचा.

पुरावा गाडीतच असतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१६ असेल तर तो टायर २०१६ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. स्टेपनी बघा आणि चारही टायर बघा. स्टेपनी २०१६ ची आणि खालचे चार टायर २०२१ चे, तेही निम्मे झिजलेले, असं निघालं तर एक जोड संपून दुसरा अर्धा झालाय. ४८ हजारांत सहसा तेवढं होत नाही. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा. कडा गुळगुळीत झाल्या असतील किंवा रबर कोरं नवं असेल, दोन्ही वेळा विचारा. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. एखादी वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचारा. बोनेट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्याच्या, बोल्टांवर बघा, पाना लागलेला असेल तर रंग उडालेला दिसतो. बोल्ट उघडलेले म्हणजे गाडी ठोकलेलीच असं नाही, पण मालकाने ते स्वतःहून सांगितलं पाहिजे.

गाडी बघायला सकाळी जा. आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन खरं बोलतं. चालू केल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते ती वेगळी, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनच्या आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ थर दिसला तर संशय धरा आणि मेकॅनिकशिवाय पुढे जाऊ नका.

मग चक्कर मारा. मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच संपत आलाय. येताना सर्व्हिस रोडने या, काचा खाली, गाणी बंद. खड्ड्यांत पुढून खडखड आली तर सस्पेन्शनचा खर्च किमतीतून कापून घ्या.

आणि डीलरच्या ओळखीचा नको, स्वतःचा मेकॅनिक न्या. आपल्या शहरात बोलेरो, स्कॉर्पिओ बनतात, चांगल्या हातांची इथे कमी नाही. तपासायचे जे पाचशे-हजार घेईल ते आनंदाने द्या.

पंचवटीकर

वरच्या भाऊंनी इंजिनचं छान सांगितलंय. मी पाण्याचं सांगतो. आम्ही गोदाकाठची माणसं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजतो. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा काठाजवळ उभ्या असलेल्या गाड्यांचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. त्याच महिन्यात सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. म्हणून गाडीचं पासिंग कुठलं, ती कुठल्या गावात वापरली, हे आवर्जून विचारा.

माझ्या मेव्हण्याने बाहेरगावची एक गाडी घेतली होती. धुतलेली, पॉलिश केलेली, आत अत्तराचा वास. दोन महिन्यांत खिडक्या खालीवर व्हायच्या बंद झाल्या, मग दिवे. शेवटी मी सहज मागच्या सीटचा बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. एरवी बाहेर न येणाऱ्या त्या फूटभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ होती, बोट फिरवलं तर बोटाला लागली. स्टेपनीच्या खळग्यात कोपऱ्यात बारीक रेती. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. ताई, बेल्ट ओढून बघायला अर्धा मिनिट लागतो. चारही ओढा.

सूनबाई गंगापूर रोड

ताई, सगळे गाडी तपासायला सांगतायत. मी म्हणते आधी आईंना तिथे घेऊन जा आणि बसवून बघा! माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत. आमच्याकडे आधी बुटकी हॅचबॅक होती. बसताना त्या सीटवर अक्षरशः पडायच्या आणि उतरताना दोघांनी ओढावं लागायचं. उंच सीटची गाडी घेतल्यावर त्या आपसूक उतरायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी दाराला धरून उभं राहून माझ्याकडे जे बघितलं ना, त्यापुढे मला गाडीचा रंग, मॉडेल काही महत्त्वाचं वाटलं नाही.

वॉकर न्यायचा असेल तर डिकीही बघा. सीएनजीची टाकी असली की डिकी जवळपास संपते. आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते, तिची तारीख बघा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना ते पण.

देवळालीचा काका

पोरी, कागदांचं माझ्याकडून ऐक. मी हे भोगलंय.

मी माझी गाडी एका ओळखीच्या माणसाला विकली. फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, चहा पाजला. त्याने नावावर करून घेतलीच नाही. दोन वर्षांनी माझ्या मोबाइलवर चलनं यायला लागली, मी कधी न गेलेल्या गावांची. मग एके सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला, त्या गाडीने एकाला धडक दिली होती. माणूस वाचला, देवाची कृपा. पण त्या काळात मी झोपलो नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. त्यामुळे विकणारा शहाणा असेल तर तोच तुझ्या मागे लागेल.

घेणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. पैसे देण्याआधी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाक. किती नंबरचा मालक, नोंदणी कधीची, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. कर्जाच्या बोजाला आपल्याकडे एचपी म्हणतात. एचपी दिसली तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस. ‘कर्ज फिटलंय, फक्त कागद यायचाय’ हे ऐकून पैसे अडकलेले मला माहीत आहेत. थकलेली चलनं ऑनलाइन बघ आणि विकणाऱ्याला भरायला लाव. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय ना ते बघ, तिच्यावाचून आरटीओचं काम अडतं.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. एजंट या नाव बदलण्याला टीटीओ म्हणतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. पेठ रोडच्या आरटीओत स्वतः एकदा जाऊन ये, एजंट लावलास तरी पावती तुझ्याकडे ठेव. विमा लगेच १४ दिवसांत नावावर कर. दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याचा भाग गाडीसोबत येतो, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा जुन्या नावावर असेल तर अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत, मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे ‘पन्नास टक्के बोनस आहे’ म्हणून कुणी किंमत चढवत असेल तर ऐकू नकोस.

डीलरकडून घेणार असशील तर आरटीओचं प्रमाणपत्र दाखव म्हणावं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं.

सातपूर शिफ्ट

एक राहिलं. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. २०१६ च्या गाडीच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये नसू शकते. आईबाबांना घेऊन घाटात जाणार आहात, तर तीस-चाळीस हजार जास्त गेले तरी चालतील, पण एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलेली बघा. कमीत कमी चालवणाऱ्याला तरी.

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर फिरले, सांगते.

सूनबाई, तुमचं ऐकून आईला सोबत नेलं. स्विफ्टमध्ये ती बसली, पण उतरताना बाबांनी एक हात आणि मी एक हात धरला तेव्हा कुठे उभी राहिली. काका इतके सज्जन, फाइल इतकी सुरेख, पण ते बघून माझं मन तिथून उठलं. त्यांना तसं सांगितलं, त्यांनी उलट आईला पाणी दिलं.

वॅगन आरमध्ये आई छान बसली. बाबा तर खूश. मग गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं तसं टायर बघितले. स्टेपनी २०१६ ची, खालचे चारही २०२२ चे आणि झिजलेले. बोनेट उघडलं. ऑइल बदलल्यावर चिकटवतात तो छोटा स्टिकर एका कोपऱ्यात, काळपट झालेला. रुमालाने पुसला. पेनाने लिहिलेलं होतं, पुढचं ऑइल ९२,०००. मीटर ४८ हजार दाखवतंय! मी डीलरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, दुसऱ्या गाडीचा स्टिकर असेल. बाबा एक शब्द बोलले नाहीत, आईचा हात धरून बाहेर आले. रिक्षात म्हणाले, बरं झालं तू विचारलंस.

आता नाशिक रोडला एका शिक्षिकेची वॅगन आर कळलीय, ऑगस्ट २०१९ ची, नव्या आकाराची, पेट्रोल, ५८ हजार, साडेचार सांगतायत. दादा, तुम्ही येऊ शकाल का बघायला?

अंबडचा गॅरेजवाला

येतो की. रविवारी सकाळी सात. त्यांना सांगा गाडी चालू करू नका. नव्या आकाराची डिकी ३४१ लिटरची आहे, वॉकर आडवा मावतो.

इंदिरानगरवाली

घेतली!

बोनेट थंड होतं, चारही बेल्ट स्वच्छ निघाले, एचपी नाही, चलन एक होतं ते बाईंनी माझ्यासमोर भरलं. दादांनी पुढची ब्रेक पॅड आणि बॅटरी बदलायची वेळ जवळ आलीय असं सांगितलं, त्यावर ४ लाख २५ ला सौदा झाला. दादांनी तपासायचे पैसे घेतले नाहीत, आईने जबरदस्तीने लाडवांचा डबा दिला.

संध्याकाळी सोमेश्वरला गेलो. आई पुढे बसली होती. मी उतरून दार उघडायला वळसा घालून जाईपर्यंत ती एकटी उतरून उभी होती, चप्पल शोधत. बाबा मागे बसून काच खाली-वर करत होते, तीनदा, चारदा. मला रडू आलं.

फॉर्म २९, ३० सोमवारी दिले, पावती माझ्याकडे आहे. विम्याचा अर्जही केला. आरसी पोस्टाने येईल म्हणालेत.

एक विचारायचं राहिलं. मागच्या डाव्या दाराचं रबर थोडं सुटलंय, वेगात वाऱ्याचा आवाज येतो. पुढच्या आठवड्यात गडावर जायचंय. असलंच चालेल की बदलावं लागेल?

अंबडचा गॅरेजवाला

बदलायची गरज नाही, मी बघितलंय, क्लिप निघालीय फक्त. शनिवारी गॅरेजवर या, दहा मिनिटांचं काम. नांदुरीचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेक दाबून ठेवू नका. पॅड नवीन टाकूनच पाठवतो.