मदत हवी आहे: वॉचमनच्या दोन लहान मुलांसाठी (पुणे)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते.

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब राहतं. नांदेडकडचं. बायको २२ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, मुलगी १० महिन्यांची. नवरा रात्रपाळी संपवून सकाळी पितो आणि झोपतो. ही आठला धुण्याभांड्याला जाते ती एकला येते. तेवढा वेळ बाळ भावाच्या ताब्यात. मागच्या आठवड्यात रडणं थांबेना म्हणून मी खाली गेले. बाप ढाराढूर, आणि पोरगा बाळाला मांडीवर घेऊन बाटलीनं चहा पाजत होता. त्याच्या गालावर चार बोटं उमटलेली.

आईनं काही लपवलं नाही. "म्याच मारलं काकू. दूध सांडलं त्यानं. मग रातभर डोळा लागला नाही. पण कामाला नाही गेलं तर लेकरांनी खायचं काय?"

माहेरी आई नाही, इथे नात्याचं कुणी नाही. पोरगी थकून गेलीय हो. तिला रागावून काय मिळणार?

अंगणवाडीत मुलाचं नाव घातलं. सेविका फार चांगल्या आहेत, त्यांनी बाळाचं वजन केलं, कमी भरलं. पण तिथे बसवतात ती ३ ते ६ वर्षांची मुलं. बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणं नाही. म्हणजे मुलगा अंगणवाडीत गेला की बाळ त्या झोपलेल्या बापाजवळ एकटं! खासगी पाळणाघर तिला परवडत नाही. सरकारच्या पाळणा योजनेत ६ महिन्यांपासूनची मुलं घेतात. पुण्यात असं चालू पाळणाघर कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

दुसरं, बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. बाप हयात आहे पण व्यसनी आहे, अशा घराला कुणी ती मिळवून दिलीय का? अर्जासोबत काय काय जोडावं लागलं? आणि नवऱ्याला व्यसनमुक्तीसाठी तयार कसं करायचं? मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की तो उठून जातो.

संपादन: तिघांनी लगेच १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा असं लिहिलंय. बाप मुलांवर हात टाकतोय असं दिसलं तर मी क्षणभर थांबणार नाही. मुलांना संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे, हेही मला माहीत आहे. पण "लेकरं नेतील" ही भीती तिच्या मनात इतकी आहे की नुसता विषय निघाला तर ती दार लावून घेईल, आणि मग मलाही आत काय चाललंय ते कळणार नाही. तुमच्यापैकी कुणी फोन केला असेल तर पुढे घरी कोण आलं, आईशी कसं बोललं, ते कृपया लिहा.

सध्या मंगळवारी आणि गुरुवारी बाळ माझ्याकडे असतं. बाकीच्या दिवसांचं काय करता येईल, तेवढं आधी सुचवा.